फितूर

सातवीच्या मुलींना मी दरवर्षी एक यादी करायला लावते. एका रकान्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात तोच शब्द मराठीत, आणि पुढे दोन्हीकडचे अर्थ. आमच्या मुली घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू वाचतात आणि मराठीच्या तासाला बिचकतात. बाजार, जमीन, कागद, शहर, हवा असे शब्द फळ्यावर आले की त्यांना जरा धीर येतो. मग गंमत सुरू होते. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'राजीनामा' उर्दूत समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. 'फिर्याद' उर्दूत काळजातून निघालेली हाक, मराठीत पोलीस ठाण्यात नोंदवायची तक्रार. आणि 'इसम'. अरबी-उर्दूत इस्म म्हणजे नाव. मराठी पोलिसांचा 'अनोळखी इसम' म्हणजे ज्याचं नावच माहीत नाही असा माणूस. यावर मुली फार हसतात.

यातले निम्मे शब्द कोर्टकचेरीचे असतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. निजामशाही-आदिलशाहीच्या दफ्तरांतून ते मराठीत आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन त्यांना संस्कृत पर्याय दिले, तरी वकील, जामीन, तारीख, दस्तऐवज, जप्ती ही मंडळी काही हलली नाहीत. आजही मराठीतलं दोषारोपपत्र मोठ्याने वाचलं तर आमच्या मोहल्ल्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही त्यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील. अडचण तिथेच आहे. ओळखीचे वाटतात.

दोन वर्षांपूर्वी एक बाई शाळा सुटल्यावर माझ्याकडे आल्या. गाव सांगत नाही, वर्षही थोडं इकडचं तिकडे केलं आहे. त्यांची थोरली मुलगी कधीतरी आमच्या शाळेत होती, माझ्या वर्गात नव्हती. पिशवीतून त्यांनी निकालपत्राची नक्कल काढली. सत्र न्यायालयाची, प्रमाणित, मराठीत, अठ्ठेचाळीस पानं. त्यांना फक्त उर्दू वाचता येतं, तेही सावकाश. निकाल त्यांना कोणीतरी तोंडी सांगितला होता: आरोपी सुटले. सांगणाऱ्याने कारणही सांगितलं होतं आणि ते कारण त्यांना झोपू देत नव्हतं.

"मॅडम, मेरी बच्ची के दिमाग़ में फ़ितूर है, ऐसा लिखे क्या जज साहब ने?"

मला समजायला क्षणभर लागला. उर्दूत 'फ़ितूर' म्हणजे बिघाड, डोक्यातली गडबड, वेड. मराठी निकालपत्रात लिहिलं होतं, 'पीडिता फितूर झाली.' मराठीत फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा. मी त्यांना म्हटलं, वेडी नाही लिहिलं. मग काय लिहिलं, हे त्यांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा सांगायला सोपा नव्हता.

पुढचे चार दिवस संध्याकाळी आम्ही दोघी ती अठ्ठेचाळीस पानं वाचत बसलो.

हकीकत थोडक्यात अशी. मुलगी सोळा वर्षांची. सातवीनंतर शाळा सुटलेली. शेजारची एक बाई, जिला मुलं खाला म्हणायची, तिने केटरिंगच्या कामाला म्हणून तिला शहरात नेलं. तीन आठवड्यांनी एका लॉजवर छापा पडला, त्यात ती सापडली. तिच्याबरोबर आणखी एक. गुन्हा दाखल झाला: पोक्सो, भारतीय दंड विधानाचं मानवी व्यापाराचं कलम ३७०, आणि १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा, ज्याला पोलीस आणि पत्रकार दोघंही 'पिटा' म्हणतात. मुलगी बालगृहात गेली. बाई आणि लॉजचा मॅनेजर जामिनावर सुटले. खटला चार वर्षांनी उभा राहिला.

अशा खटल्याचे कागद वाचताना आधी नजरेत भरतो तो पंचनामा. छाप्याची पद्धत ठरलेली असते. पोलीस एक बनावट गिऱ्हाईक पाठवतात. त्याच्याजवळ द्यायच्या नोटांचे नंबर आधी पंचांसमोर उतरवून घेतात. इशारा मिळाला की आत शिरायचं, त्याच नोटा आरोपीकडे सापडल्या की मुद्देमाल म्हणून जप्त करायच्या, लखोट्यात घालून सील करायचं. त्यामुळे या निकालपत्रात पाचशेच्या प्रत्येक नोटेचा नंबर आहे. अक्षर आणि आकडे, एकही चुकलेला नाही. खोलीतल्या चादरीचा रंग आहे. मुलगी घरात कोणती भाषा बोलते हे अठ्ठेचाळीस पानांत कुठेही नाही.

आता तिचा पोलिसांपुढचा जबाब. आपल्याकडे हे जबाब एका ठरलेल्या साच्यात येतात. 'समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की' अशी सुरुवात आणि 'माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' असा शेवट. मधे ही उर्दू माध्यमातली मुलगी म्हणते, 'सदर महिलेने मला आर्थिक आमिष दाखवून वेश्याव्यवसायास प्रवृत्त केले.' आईने मला हे वाक्य थांबवून परत वाचायला लावलं. मी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, ती असं बोलूच शकत नाही, तिला हे शब्दच येत नाहीत. बरोबर होतं. तिने जे काही सांगितलं असेल ते दखनीत, अडखळत, बहुधा रडत सांगितलं असेल. ते कोणी तरी मराठीत ऐकलं आणि सरकारी मराठीत लिहिलं.

पोक्सोच्या कायद्यात याचा विचार केलेला आहे. बालकाचा जबाब ते जसं बोलेल तसा नोंदवावा, असे शब्द त्यात आहेत. गरज असेल तर दुभाषा घ्यावा, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस समोर असावं. मी मास्तरीण आहे, मला 'जसं बोलेल तसं' या शब्दांचा अर्थ कळतो. श्रुतलेखन घेताना मुलगी 'हमना' म्हणाली तर मी 'हमको' लिहीत नाही. पण जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला चाळीस प्रकरणं असतात आणि त्याच्या संगणकात मागच्या प्रकरणाची फाईल उघडीच असते. नाव बदललं, वय बदललं, की झालं. मुलीची चूक एवढीच की चार वर्षांनी तिला त्या वाक्यांना जबाबदार धरलं गेलं, जी तिने कधी उच्चारलीच नव्हती.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ प्रमाणे पोलिसांपुढच्या अशा जबाबावर सही घ्यायची नसे, आणि तो पुरावाही नसे. त्याचा उपयोग साक्षीदाराला कोर्टात खोटं पाडण्यापुरता. म्हणजे जे तिच्या बाजूने कधीच पुरेसं नाही, ते तिच्याविरुद्ध मात्र वापरता येतं.

कोर्टातल्या साक्षीची तऱ्हा वेगळी. तिथे प्रश्नोत्तरं होतात, पण लिहिताना ती सहसा कथनाच्या रूपात लिहिली जातात. कायद्यातच तसं आहे. न्यायाधीशांना वाटलं तर एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं घेता येतं, एरवी प्रश्न गळून जातो आणि उत्तराचं वाक्य होतं. वकिलाने विचारलं, 'तुला त्या खोलीतल्या सगळ्या माणसांचे चेहरे आठवतात का?' मुलगी मान हलवून म्हणाली, नाही. कागदावर येतं: 'मला आरोपींचे चेहरे आठवत नाहीत.' असंच घडलं असेल असं मी म्हणत नाही. असं घडू शकतं, आणि निकालपत्र वाचून ते कळणार नाही, एवढंच.

भाषेचंही तसंच. साक्षीदार कोर्टाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत बोलला तर त्याच भाषेत लिहून घेता येतं, ते जमत नसेल तर खरं भाषांतर करून. लिहिलेलं त्याला समजत नसेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगायचं असतं. महाराष्ट्रातल्या जिल्हा कोर्टाची भाषा मराठी. मुलीला विचारलं असणार, मराठी समजतं का? आमच्या मुलींना हा प्रश्न कोणत्याही सरकारी टेबलावर विचारा, त्या 'हो' म्हणतील. रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्या हेच म्हणतात. 'नाही' म्हणण्यात एक कबुली असते, आणि मराठी येत नाही ही कबुली मुसलमान मुलीने सरकारी खुर्चीपुढे द्यायची म्हणजे काय, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या संध्याकाळी वयाचा मुद्दा आला. इथे माझ्या पेशाचा थेट संबंध. मूल अल्पवयीन आहे की नाही हे ठरवताना आधी पाहतात शाळेचा दाखला. बाल न्याय कायद्यात क्रम दिलेला आहे: शाळेची किंवा दहावीची जन्मतारीख, ती नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे पहिलीत नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये जी तारीख पडते ती दहा वर्षांनी कोर्टात उभी राहते. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, पानोपानी एक जून. आईला तारीख आठवत नाही, मास्तर एक जून लिहून मोकळे. आपल्या निम्म्या राज्याचा वाढदिवस त्या दिवशी असतो म्हणून आपण हसतो. बचावाचा वकील हसत नाही. तो मुख्याध्यापकांना पिंजऱ्यात बोलावून विचारतो, ही तारीख कोणी सांगितली? कशावरून लिहिली? नोंद करणारे शिक्षक कोण? नोंदीमागे आधार काय होता हे पुढे आलं नाही तर अशा नोंदीला फारसं वजन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच एका निवडणूक खटल्यात म्हटलेलं आहे, आणि ते अजून उद्धृत होतं. या प्रकरणात तारीख एक जून होती. मुख्याध्यापक आले होते. त्यांना सांगता आलं नाही.

तेव्हापासून माझ्याकडे पहिलीचं काम आलं की मी जन्माचा दाखला मागते आणि नसेल तर आईला सरळ घरी पाठवते. लोक चिडतात. चिडू देत.

बालगृहातल्या दिवसांबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. एकच सांगितलं. मुलगी तिथे असताना एक वकील त्यांच्या घरी आला. पैसे नकोत म्हणाला, मुलगी आठ दिवसांत घरी आणून देतो, फक्त इथे अंगठा करा. त्यांनी सही केली, कारण त्यांना सही येते आणि अंगठा म्हटल्याचा राग आला होता. तो वकील शेजारणीचाच होता हे नंतर कळलं.

हे ऐकून मला एका जुन्या प्रकरणाची आठवण झाली. २००२ सालचं, मुंबई उच्च न्यायालयाचं. कामाठीपुऱ्यात वेश्यांच्या मुलांसाठी काम करणारी 'प्रेरणा' ही संस्था याचिका घेऊन गेली होती. सांताक्रूझमध्ये छापा पडून मुली सोडवल्या गेल्या, आणि आरोपींचा जो वकील तोच त्या मुलींना सोडा म्हणून अर्ज करत उभा राहिला. विचार करा. पोलिसांनी कुंटणखान्याच्या मालकापासून मुली सोडवायच्या, आणि मालकाच्या वकिलाने मुलींच्या नावाने वकीलपत्र दाखल करून त्या कोर्टातून घेऊन जायच्या. सगळं कायदेशीर, सही-शिक्क्यानिशी. कोणी आरडाओरडा केला नाही. दोन वकीलपत्रं शेजारी ठेवून कोणी तरी नावं वाचली, म्हणून ते दिसलं.

उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जे निर्देश दिले ते आजही देशभर वापरले जातात. अठरा वर्षांखालच्या मुलीवर दंडाधिकाऱ्याचा अधिकार नाही, तिला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. पहिल्यांदा हजर करतानाच वय तपासायचं. परिविक्षा अधिकाऱ्याची चौकशी पूर्ण झाल्याशिवाय सोडायचं नाही, आणि सोडायचं ते समितीने योग्य ठरवलेल्या आईवडिलांच्या किंवा पालकांच्याच ताब्यात. दलालाचा किंवा कुंटणखानेवाल्याचा वकील त्याच प्रकरणात मुलींचा वकील होऊ शकत नाही. त्या बाईंनी सही केली तेव्हा हा निकाल होऊन कितीतरी वर्षं उलटली होती. सुदैवाने बाल कल्याण समितीतल्या एका सदस्य बाईंनी त्या वकिलाला परत पाठवलं. तो अर्ज फेटाळल्याची एक ओळ निकालपत्राच्या सातव्या पानावर आहे. आम्ही ती वाचली तेव्हा पहिल्यांदा त्यांना वाटलं की कागदांत कोणी तरी आपल्या बाजूचंही आहे.

मराठीतला 'सुटका' हा शब्द इथे मला छळतो. निकालपत्राच्या पहिल्या भागात 'पीडितेची सुटका करण्यात आली' आणि शेवटच्या पानावर 'आरोपींची निर्दोष सुटका करण्यात येत आहे'. उर्दू भाषांतर करताना मला दोन वेगळे शब्द सापडले. मराठीत एकच आहे. पहिल्या सुटकेनंतर मुलगी सात महिने कुलपात होती, दुसरीनंतर शेजारीण त्याच संध्याकाळी घरी आली. मिठाई वाटली.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने जेफ्री एपस्टीनशी संबंधित एका दिवाणी दाव्याचे कागद खुले केले, तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही. राजपुत्र, माजी राष्ट्राध्यक्ष, शास्त्रज्ञ. मीही पाहिलं. पण त्या प्रकरणाच्या कागदांतली मला खरी वाटलेली गोष्ट नावांची नाही. २००८ मध्ये फ्लोरिडात त्या माणसाने गुन्हा कबूल केला, तो कोणता? वेश्यागमनाची मागणी करणं, आणि अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला वेश्याव्यवसायासाठी मिळवणं. शाळकरी मुली होत्या त्या. सरकारी वकिलांनी त्याच्याशी केलेला करार मुलींपासून लपवला गेला, तो कायद्याचा भंग होता, असं एका संघीय न्यायाधीशाने ठरवायला २०१९ उजाडलं. (वरच्या कोर्टाने पुढे तेही मुलींच्या विरोधातच सोडवलं, पण तो वेगळा विषय.) अकरा वर्षं त्या कागदावर त्या मुलींच्या बाबतीत 'वेश्याव्यवसाय' हा शब्द बसून होता. इतक्या श्रीमंत देशात, इतक्या हुशार वकिलांच्या हातून. मग त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये, तो तुरुंगात मेल्यावर, खटला बंद करण्याआधी न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने एक सुनावणी घेतली. आरोपी नाही, शिक्षा होणार नाही, तरीही. वीसहून जास्त स्त्रियांचं म्हणणं त्या दिवशी नोंदवलं गेलं. काहींनी स्वतःच्या नावाने सांगितलं, काहींनी नाव न घेता. ज्यांना जसं हवं तसं.

आमच्याकडे कागदांत नावं शोधायची रीत थोडी वेगळी आहे. अशी बातमी आली की आधी आरोपीचं नाव पाहिलं जातं. ते आपलं निघालं तर आपण गप्प. त्यांचं निघालं तर आपण फॉरवर्ड करतो. समोरचेही तेच करतात, फक्त उलट्या दिशेने. अजमेरचं प्रकरण घ्या. १९९२ मध्ये एका स्थानिक दैनिकाने ते बाहेर काढलं. शाळा-कॉलेजच्या मुलींचे फोटो काढून, धमकावून, एकीकडून दुसरीपर्यंत पोहोचत चाललेला अत्याचार. मुख्य आरोपी दर्ग्याच्या खादिम घराण्यातले, वर राजकारणातले. शेवटच्या सहा जणांना जन्मठेप झाली ती २० ऑगस्ट २०२४ ला. बत्तीस वर्षं. या काळात त्या मुली आया झाल्या, आज्या झाल्या, आणि समन्स येत राहिलं. अनेकींनी साक्ष फिरवली. आपल्या घरांत त्या प्रकरणाची चर्चा होते तेव्हा आरोपींमुळे कौमची बदनामी कशी झाली यावर होते. समन्स घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोलिसापुढे त्या बायकांनी नवऱ्याला काय सांगितलं असेल, यावर मी तरी चर्चा ऐकलेली नाही. माझ्याकडे आलेल्या बाईंचा गुन्हेगारही आपलीच होती. तिला मुलं खाला म्हणायची.

एका परिचित मौलानांशी यावर बोलले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, बेटी, अशा गोष्टींवर पडदा टाकणं बरं. मी त्यांना सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली ही सगळ्यात लांब आयत, आणि विषय काय तर कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, लिहायला नकार देऊ नये, आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला इजा पोहोचू नये, असं त्यात आहे. याच आयतीतल्या दोन स्त्रियांच्या साक्षीवर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. साक्षीदाराला इजा होऊ नये, या तुकड्यावर खुतबा झालेला मला आठवत नाही. मौलाना थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, कर्जाच्या बाबतीत इतकं, तर इज्जतीच्या बाबतीत किती. त्या जुम्म्याला त्यांनी खरंच त्यावर बोलायचं ठरवलं होतं. बोलले की नाही माहीत नाही, बायकांना आमच्या मशिदीत जागा नाही.

साक्षीदाराला इजा. या मुलीची इजा काय होती ते चौथ्या संध्याकाळी कळलं. पोक्सोच्या कायद्यात असं आहे की कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षाच्या आत खटला संपवावा. हिची साक्ष झाली चार वर्षांनी. तोवर ती वीस वर्षांची झाली होती, तिचं लग्न झालं होतं, दुसऱ्या जिल्ह्यात. सासरी काहीच माहीत नव्हतं. समन्स माहेरच्या पत्त्यावर आलं, हे नशीब. आईने निरोप पाठवला की अब्बूंची तब्येत बिघडली आहे. मुलगी आली, नवरा सोबत आला. नवऱ्याला भावाबरोबर दवाखान्यात बसवून आई तिला मागच्या दाराने कोर्टात घेऊन गेली. दोन तास होते त्यांच्याकडे. कोर्टाच्या व्हरांड्यात शेजारीण भेटली. ती एवढंच म्हणाली, "दामाद आए दिखते, चाय पे बुलाऊँ क्या?"

त्यानंतर मुलगी आत गेली आणि तिला काही आठवेना.

निकालपत्रात यातलं काही नाही, असणं शक्यही नाही. तिथे आहे: 'पीडिता आपल्या पूर्वीच्या जबाबापासून फिरली, सरकार पक्षाच्या विनंतीवरून तिला फितूर घोषित करण्यात आले.' साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली आहे, धोक्याचा अहवाल मागवून संरक्षण देता येतं. त्यासाठी कोणी तरी अर्ज करायला लागतो. अर्ज करायचा असतो हे सांगायला कोणी तरी असावं लागतं.

मला शब्दाचा नाद आहे म्हणून मी २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याचं ते कलम शोधून वाचलं. १५४. त्यात 'फितूर' नाही. इंग्रजी मसुद्यात त्याचा जो प्रतिशब्द कोर्टात रोज वापरतात, तोही नाही. तिथे फक्त एवढंच आहे की साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाला, कोर्टाने परवानगी दिली तर, उलटतपासणीत विचारतात तसे प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारता येतील. बस. त्याला गद्दार म्हणा असं कायद्याने सांगितलेलं नाही. आणि अशा साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही, तिच्यातलं विश्वास ठेवण्याजोगं घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून कितीदा सांगितलं आहे. किल्ल्याचा दरवाजा उघडणाऱ्याचा शब्द आपण मराठीवाल्यांनी आणून तिथे बसवला. उर्दू वर्तमानपत्रं अशा साक्षीदाराला 'मुनहरिफ़' म्हणतात. वळलेला. तो जरा बरा आहे. निदान कोणाला पाहून वळला, हे विचारायला जागा ठेवतो.

त्या बाईंना मी निकालपत्राचा सारांश उर्दूत लिहून दिला, मोठ्या अक्षरात, साडेतीन पानं. फितूरच्या जागी मुनहरिफ़ही लिहिलं नाही. लिहिलं: तिने सांगितलं की तिला आठवत नाही. मग आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आणि मानवी व्यापाराला बळी पडलेली व्यक्ती तर त्या कायद्यात वेगळी नमूद आहे, हे टेबलावरच्या कारकुनालाही माहीत होतं, याचं मला बरं वाटलं. वकील बाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की निर्दोष सुटकेविरुद्ध पीडितेला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या दुरुस्तीपासून. सरकारने केलं नाही तरी. पण त्यासाठी निकालपत्र पुरेसं नाही, मुलीच्या साक्षीची मूळ नोंद लागेल. आम्ही नकलेचा अर्ज केला. मिळायला सहा आठवडे लागले.

अपील करायचं की नाही हे मुलगी ठरवेल, आई नाही, असं वकील बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मुलीने अजून ठरवलेलं नाही. तिला आता एक बाळ आहे.

साक्षीची नोंद तीन पानी होती. मी ती आईला शाळेच्या ग्रंथालयात वाचून दाखवली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, 'मला आठवत नाही' या वाक्याच्या खाली, कंसात, न्यायाधीशांनी लिहून घेतलेलं होतं: 'साक्षीदार बराच वेळ गप्प आहे. रडत आहे. पाणी देण्यात आले.' साक्षीदाराचं वागणं कसं होतं याची नोंद न्यायाधीशाने करावी असं कायद्यात आहे. निकालपत्रात ही ओळ आलेली नव्हती. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा वाचायला सांगितलं, आणि विचारलं की हे उर्दूत कसं लिहायचं. मी पेन त्यांच्याच हातात दिलं आणि शब्द सांगत गेले.